आखाडातला कोंबडा

आखाड लागला की आमच्या लोणीत पाऊस कमी आणि तळणाचा वास जास्त. ढग येतात, बाजरीवर सावली धरतात आणि न थांबता मावळतीकडं निघून जातात. त्यांना पडायचं असतं ते तिकडं डोंगरात. आमच्या वाट्याला येते ती भुरभुर. अंगरखा भिजत नाही, पण टोपीला वास सुटतो. बांधावरचं गवत पोटरीला चिकटतं. आणि घराघरातून गुळाच्या कापण्या तळल्याचा वास दारात येऊन बसतो, उठता उठत नाही.

परवा सून कापण्या तळत होती. मुलगा मोटरसायकल पुसता पुसता म्हणाला, "आबा, आखाड कधी करायचा? दुकानात सांगून ठेवतो." आखाड करायचा म्हणजे काय ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. श्रावणात महिनाभर तोंड बांधून बसायचं, म्हणून त्याच्या आधी सगळ्यांनी मिळून कोंबड्यांच्या मागं लागायचं. हल्ली मागंसुद्धा लागावं लागत नाही. काळ्या पिशवीत तुकडे येतात. पीस नाही, पंख नाही, तो कुणाच्या दारातला होता याचा पत्ता नाही.

मी काही माळकरी नाही. रस्सा ओरपणारा माणूस आहे, या वयातसुद्धा हाड सोडत नाही. पण आखाडाचा वास आला की मला रस्सा आठवायच्या आधी एक कोंबडा आठवतो, आणि तो रश्श्यात गेला नाही हे आठवून मी अजून मान ताठ करून बसतो.

तांबड्या मानेचा होता. शेपूट काळी, उन्हात हिरवी झाक मारायची. तुरा एका बाजूला कललेला, तालमीतल्या पोरानं पटका बांधावा तसा. आळीतले लोक त्याला फौजदार म्हणायचे. आमच्या अंगणात कुणी पाय टाकला की हा पिसं फुलवून, एक पंख जमिनीला घासत तिरका तिरका चालून यायचा आणि उडी मारून पोटरी फोडायचा. दूधवाला कॅन रस्त्यावर ठेवून हाका मारायचा. शाळेची पोरं बांधावरनं वळसा घालून जायची. भाऊबंदांत माझं कुणाशी पटत नव्हतं तेव्हा, त्यामुळं मला त्याचा काही त्रास वाटला नाही. दारात येणारा विचार करून येतो, ही चांगलीच गोष्ट आहे.

ते साल आमच्या नंदाला स्थळं बघायचं. नंदा म्हणजे माझी थोरली. बारावी झालेली, आमच्या घरातली सर्वात जास्त शिकलेली. मी स्वतः चौथीत शाळा सोडली, मास्तरशी भांडून. तर जुन्नरकडनं पाहुणे आले. जीप करून आले होते. मुलगा बरा होता, खाली मान घालून पोहे खात होता. बोलत होता त्याचा मामा. कडक टोपी, मांडीवर मांडी. काय शिकली, स्वयंपाक येतो का, सगळं विचारून झालं. मग मामा म्हणाले, "पोरीला जरा चालून दाखवा. पायात काय दोष न्हाई ना, बघितलेलं बरं."

नंदा उठून उभी राहिली. पदराआडनं तिचे कान लाल झालेले मला दिसले. जनावरांच्या बाजारात मी बैल असे चालवून बघितलेत. मी उठणारच होतो. हात गुडघ्यावर टेकला होता, पहिला शब्दही तोंडात आला होता. पण फौजदार माझ्या आधी उठला.

उंबऱ्यावरनं त्यानं जी उडी घेतली ती थेट मामांच्या मांडीवर. पोह्यांची बशी गेली. टोपी गेली. मामा एक शब्द न बोलता उठले आणि अंगणात पळाले. हा मागं. मामा चिंचेला वळसा घालून, गोठ्यावरनं, उकिरड्याच्या कडेनं जीपपर्यंत गेले. पोरीला चालून दाखवा म्हणाले होते, त्यांनीच सगळ्या आळीला चालून दाखवलं. आत नंदा पदर तोंडात कोंबून हसत होती. लेकीचा तो आवाज ऐकला आणि मी कोंबड्याच्या बाजूचा झालो तो झालोच.

चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. कुणाची पत्रिका बघितली होती कुणास ठाऊक.

आमची मंडळी माझ्यापेक्षा हट्टी. तिनं त्याच संध्याकाळी चुलीपुढं सांगून टाकलं, "लेकीचं लगीन करायचंय का कोंबड्याचा संसार? आखाड आलाच हाय. आमुशेच्या आत त्याचा रस्सा झाला पायजे."

"त्याच्या मानंला सुरी लागायची न्हाई," मी म्हणालो.

"का? देवाला सोडलाय?"

"मी सोडलाय."

"तुमी काय देव लागून गेलात व्हय?" तिनं भाकरी अशी थापली की परातीलाच लागली असेल. मग जरा वेळानं खाली बघत म्हणाली, "कापू नका. पण दुसरं घर बघा त्याला. पुढचं पावणं येतील तवा त्यो ह्या दारात दिसला न्हाई पायजे. माझ्या पोरीचं घर त्याच्यापायी ऱ्हायला नको."

यात ती चुकत नव्हती. आणि ती चुकत नसली की मी वाद घालत नाही, बाहेर जातो.

असा तो आखाड. लोक लेकीसाठी स्थळं बघत हिंडतात, मी कोंबड्यासाठी हिंडलो. आणि खरं सांगतो, लेकीचं स्थळ सोपं असतं. आखाडात कोंबड्याला जो हात पुढं करतो त्याच्या हातामागं पातेलं असतं. माझा चुलतभाऊ, ज्याच्याशी बांधावरनं माझं बोलणं बंद होतं, तो स्वतः होऊन बोलायला आला.

"आबा, दे की माझ्याकडं. लेकरावानी संभाळतो."

"कुठवर?"

"आमुशेपतूर तरी," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला. आमचं बोलणं परत बंद झालं.

ओतूरला माझी बहीण दिलेली. तिच्याकडं नेला. एसटीत पिशवीतनं मान बाहेर काढून तो उतारूंकडं असा बघत होता जणू तिकीट तपासायला चढलाय. पण बहिणीनं वरच्या खोल्या कॉलेजच्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. ती दारातच म्हणाली, "दादा, पोरं रातभर वाचत्यात आन पहाटं निजत्यात. हा बोंबलला तर खोल्या रिकाम्या व्हतील माझ्या." चहा दिला, कापण्या बांधून दिल्या, कोंबडा घेतला नाही.

त्या दिवशी ओतूरचा बाजार होता. मी जाऊन कोंबड्यांच्या ओळीत उभा राहिलो. आखाडातला कोंबडीबाजार ज्यानं बघितला नाही त्याला सांगून कळायचं नाही. ओल्या पिसांचा वास, पाय बांधलेल्या कोंबड्यांची कुरकुर, वर आडवी धरलेली प्लास्टिकं आणि त्यावर टपटप. जो येईल तो फौजदाराच्या पंखाखाली हात घालून छाती दाबायचा. कुणी त्याच्या डोळ्यात बघितलं नाही. कुणी विचारलं नाही, आरवतो कसा, कोंबड्या सांभाळतो का. छाती दाबायची आणि म्हणायचं, "भरलाय चांगला." मला जुन्नरचे मामा आठवायचे आणि मी म्हणायचो, "हात काढा. विकायचा न्हाई."

शेजारी रसूलभाई बसले होते. कोंबड्या विकणं आणि कापून देणं हाच त्यांचा धंदा, वाडवडिलांपासनं. पांढरी दाढी, मांडीवर पोतं. बराच वेळ माझा तमाशा बघून म्हणाले, "पावणं, सकाळपासनं बघतोय. गिऱ्हाईक येतंय, तुमी हाकलताय. विकायला आलाय का मिरवायला?"

"द्यायचाय. पण पाळणाऱ्याला."

"आखाडात?" ते एवढे हसले की त्यांची एक कोंबडी पिंजऱ्यात उठून उभी राहिली. "राव, आखाडात पाळणारा शोधताय? आन तेबी माझ्या दुकानाफुडं?"

मग त्यांनी हात पुढं केला, पण छातीकडं नाही. फौजदाराचा पंख उघडून बघितला, टाचेवरची टोकं बोटानं चाचपली. फौजदारानं त्यांच्या मनगटाला चोच मारली. रसूलभाईंनी हात मागं घेतला नाही.

"ह्याला वर न्या," ते म्हणाले. "तळेघरला. आता तिकडं भाताची आवणी चालली असंल. माणसं दिवसभर भातखाचरात, घरं उघडी. रानमांजर भरदिवसा कोंबड्या उचलतंय. तिथली हिराबाई म्हणून हाय, घोडेगावच्या बाजाराला अंडी घेऊन येती. तिचा कोंबडा मागल्या महिन्यात गेला. बाई रडत न्हवती, मांजराला शिव्या देत व्हती. अशा बाईला असा कोंबडा लागतो."

"तुमी कापणारी माणसं, आन मला हे सांगताय?"

"कापणारा हाय म्हणून तर कळतंय, कुठला कापायचा आन कुठला न्हाई," रसूलभाई म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

अमावस्या जवळ आली होती. मी घोडेगावला जाऊन तळेघरची गाडी धरली. कंडक्टर म्हणाला, "बाबा, कोंबड्याचं लगेज पडंल." मी म्हणालो, "लगेज न्हाई, तिकीट फाड. शिटावर बसवतो." गाडी हसली. डिंभ्याच्या पुढं घाट लागला आणि आमच्याकडनं न थांबता गेलेले सगळे ढग तिथं खाली उतरून बसलेले दिसले. खिडकीबाहेर झाड नाही, डोंगर नाही, नुसतं पांढरं. कुठंतरी पाणी पडल्याचा आवाज, पण पाणी दिसत नाही. फौजदार पिशवीत गप्प झाला. त्या धुक्यात त्याला सकाळ कुठली नि दुपार कुठली कळेना, आरवणार कशावर? जन्मात पहिल्यांदा तो मला लहान वाटला. मी पिशवीचं तोंड जरा मोकळं केलं.

उतरून चालत गेलो. खाचरांत बाया पाठीवर इरली घेऊन वाकलेल्या. पानांची ती इरली अशी की लांबून चिखलात कासवं एका रांगेत मागं मागं सरकतायत असं दिसावं. हिरवीगार रोपं, तांबूस पाणी, आणि बायांचं गाणं पावसात अर्धं पुसलेलं. मी आयुष्यभर बाजरी आणि कांदा केलेला माणूस. एवढं पाणी आणि एवढं वाकणं मी बघितलं नव्हतं. बांधावरनं हिराबाईचं नाव घेतलं तशी एक कासव सरळ झालं.

माझ्याच वयाची होती. कोपरापर्यंत चिखल. घराकडं चालता चालता माझं सगळं ऐकून घेतलं. घर कुडाचं, दारात गोवरीची धग, पडवीत चार कोंबड्या अंग चोरून बसलेल्या. पिशवी उघडली. फौजदार बाहेर आला, अंग झाडलं, कोंबड्यांकडं बघितलं आणि लगोलग हिराबाईच्या पायावर गेला. तिनं पाय मागं घेतला नाही. नुसती "ह्याऽऽ" म्हणाली. तो थबकला. असा तो कुणापुढं थबकलेला मी बघितला नव्हता.

"चांगला हाय," ती म्हणाली. "काय द्यायचं?"

"काय न्हाई. तसाच घ्या."

तिचा चेहरा बदलला. "तसाच? का? आजारी हाय का? का घरात काय वंगाळ झालं, आन ह्याच्यावर उतरून आणलाय?"

"अवं बाई, दगडासारखा निरोगी हाय."

"मग फुकट का? मी मागाया आले व्हते का तुमच्या दारी?" तिनं हात पाण्यात धुतले. "आमी डोंगरातली माणसं, म्हणून काय बी टाकून जावं काय? वाट्यानं देत असाल तर द्या. कोंबडी बसली, पिल्लं निघाली की एक तुमचं. न्हाईतर घेऊन जा."

वाट्यानं जनावर देणं आमच्याकडंही आहे. शेळी द्यायची, करडं अर्धी वाटायची. पण मी तिथं वाटा मागायला गेलो नव्हतो. मी घर शोधायला गेलो होतो. लेक द्यायची आणि वर सासरकडनं काही घ्यायचं, असलं माझ्या घराण्यात झालेलं नाही. मी तसं बोललो. जरा वरच्या पट्टीत बोललो.

"मग ऱ्हाऊ द्या," हिराबाई म्हणाली, आणि आवणीला निघून गेली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी फौजदाराला पिशवीत घातला आणि रस्त्यावर आलो. थांब्याच्या पत्र्याखाली बसलो. गाडी कधी येईल कुणालाच ठाऊक नव्हतं. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की डोक्यात विचार आला तरी ऐकू येऊ नये. तरी आला. गाडी आली की मी चढणार, घरी उतरणार, आणि मग मंडळी आहे, अमावस्या आहे, चुलतभाऊ आहे. माझा शब्द तेवढा हवेत राहील आणि कोंबडा पातेल्यात. असा ताठा काय कामाचा, ज्याचं मोल दुसऱ्याच्या मानेनं द्यायचं?

आणि मग मला हिराबाईचा राग उलगडला. कारण तो माझाच होता. भावकीतल्या कुणी पोतं बियाणं तसंच देऊ केलं तर मी काय करीन? दारातनं परत पाठवीन, आणि पाठवलंही आहे. ती मला नुसतं पिल्लू देऊ करत नव्हती. माझ्या बरोबरीनं उभी राहायला जागा मागत होती. पत्र्याखाली ओल्या धोतरात बसून मला त्या बाईबद्दल जो मान वाटला तो मला भाऊबंदांतल्या कुणाबद्दल वाटलेला नाही.

पण म्हणून खाली मान घालून परत जाणारा मी नव्हे. मी खाचराच्या बांधावर गेलो आणि सगळ्या बायांसमोर मोठ्यानं म्हणालो, "हिराबाय, एक पिल्लू परवडत न्हाई. दोन पायजेत."

ती सरळ झाली. इरल्याखालनं माझ्याकडं बघितलं. "दोन? त्यो काय राजा लागून गेला का?"

"फौजदार हाय. जुन्नरचा मामा पळवलाय त्यानं."

"कुठला मामा?"

मी सांगितलं. बांधावर उभा राहून, पावसात, चालून दाखवायचं काय झालं ते सगळं सांगितलं. आवणी थांबली. एक बाई चिखलात बसून हसली. हिराबाई हसली नाही. ती म्हणाली, "एक. पण तलंग देईन. नर न्हाई."

तलंग म्हणजे अंड्यावर येणारी कोवळी कोंबडी, तिचं मोल नरापेक्षा जास्त. म्हणजे ती वाकली नव्हती, वर चढली होती. "ठरलं," मी म्हणालो. तिनं चिखलाचा हात पुढं केला, मी धरला. घरी नेऊन तिनं बिनदुधाचा चहा दिला आणि नाचणीची भाकरी, वर लसणाची चटणी. असलं गरम आणि काळं मी त्या आधी काही खाल्लं नव्हतं. निघताना फौजदार कुडावर चढून बसला होता आणि चारी कोंबड्या खाली चोची मारत हिंडत होत्या, अंग मोकळं सोडून.

घरी मंडळीनं पिशवी रिकामी बघितली. "कापला?" म्हणाली.

"दिला. चांगल्या घरी. वाट्यानं."

तिनं ताटात कापण्या वाढल्या, नेहमीपेक्षा जास्त.

पुढं जे पाहुणे आले त्यांना मी दारातच, पाणी द्यायच्या आधी सांगितलं, "काय विचारायचं त्ये पोरीला विचारा, ती उत्तर दिल. चालून बिलून दाखवणार न्हाई." मुलाचे वडील म्हणाले, "आमच्याकडंबी लेकी हायत, दादा." तिथंच नंदाचं जमलं. लग्न उन्हाळ्यात झालं, आणि नवी नवरी आखाड पाळायला माहेरी आली, जशा सगळ्या येतात. आल्या आल्या म्हणाली, "आबा, मला फौजदार बघायचाय." मी म्हणालो, "कोंबडा काय बघायचा? माझी तलंग आणायचीय, चल हवं तर." पण परत आखाड आला होता. आखाड डोंगरातही येतो.

गाडीतनं उतरलो तर धुकं तसंच. इरली तशीच. घर दिसेपर्यंत मी आवाजाची वाट बघत होतो. आवाज नव्हता. नंदा माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं बघत नव्हतो. कुडाच्या फाटकाशी आलो, हात घालून कडी काढली, एक पाऊल आत टाकलं. आणि पडवीतनं तो आला. पिसं फुलवून, एक पंख जमिनीला घासत, तिरका तिरका. मी म्हणालो, "आरं, मी हाय." त्यानं ऐकून घेतलं नाही. उडी मारून माझी पोटरी फोडली आणि मला फाटकाबाहेर काढला. नंदा आधीच बांधावर चढली होती.

हिराबाई आतनं बाहेर आली, हातात सूप. "पावणं, बाहेरच थांबा," म्हणाली. "मी सांगितल्याबिगर त्यो कुणाला आत घेत न्हाई." मग नंदाकडं बघून जरा थांबली. "हीच का ती, जिला चालाया सांगितलं व्हतं?" नंदानं मान हलवली. "ये माझ्या बाय. आखाडात माहेरी आलीस, तुझी वटी भरते." तिनं "ह्याऽऽ" म्हटलं, तसा तो बाजूला झाला. नंदा आत गेली. मी मात्र फाटकाबाहेर भिजत उभा होतो आणि आयुष्यात इतका खूश क्वचितच झालो असेन.

परतीच्या गाडीत नंदाच्या मांडीवर तलंग होती आणि माझ्या पायाला रक्त. शेजारच्या उतारूनं विचारलं, "बाबा, पायाला काय झालं?"

मी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "तळेघरला एका घरी कोंबडा हाय. परक्याला दारात उभा करत न्हाई."